पेज, पिठी आणि पेडवे : मालवणी ताट थायलंडच्या ताटाशेजारी ठेवून पाहू

मालवणात भर दुपारी कुणाच्या दारात उभे राहिले की पाण्याच्या तांब्याबरोबरच प्रश्न येतो, "जेवलंस काय?" थायलंडमध्येही ओळखीचा माणूस भेटला की लोक विचारतात, "किन खाओ रु यांग?" म्हणजे 'भात खाल्लास की अजून नाही?' थाई बोलीत जेवायला रोजचा शब्दच 'भात खाणे' असा आहे. मालवण आणि बँकॉक यांच्यात जवळजवळ तीन हजार किलोमीटरचे अंतर, पण भुकेची विचारपूस दोन्हीकडे एकाच तऱ्हेने होते.

आरोग्याच्या पानावर थायलंड कशाला, असे वाचक विचारतील. आपल्या अनेक विहारांतल्या बुद्धमूर्ती तिथून आल्या आहेत, तिथले भिक्खू आपल्याकडे येतात, आपल्यातले काही उपासक तिकडे जाऊन आले आहेत. महावंस या पाली ग्रंथात नोंद आहे की सम्राट अशोकाच्या काळच्या तिसऱ्या संगीतीनंतर यवन धम्मरक्खित थेर अपरांतात, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे आले आणि सोण व उत्तर हे थेर सुवर्णभूमीकडे गेले. थाई लोक सुवर्णभूमी म्हणजे आपलाच देश असे मानतात. हे नाते जुने आहे, पण आज आमच्या डोळ्यांपुढे साधी गोष्ट आहे. आपल्या वाड्यांवर मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस आता शोधावा लागत नाही. चाळिशीच्या आतले लोकही त्यात आहेत. अशा वेळी आपल्या ताटात काय आहे, ते कुठून आले आणि काय निघून गेले, हे पाहायला हवे. दुसऱ्याचे ताट शेजारी ठेवले की आपले अधिक स्पष्ट दिसते.

दोन्हीकडचे मूळ सामान एकच आहे. भात, मासळी, नारळ आणि काहीतरी आंबट. आपल्याकडे आंबटाला सोले, तिकडे चिंच आणि कागदी लिंबासारखे लिंबू. आपण नारळाचे वाटप करून कालवणात घालतो, तिकडे मध्य आणि दक्षिण भागात नारळाचे दूध घालतात. आपल्या परसात चहासाठी लावलेला गवती चहा तिथे आमटीत आणि सुपात पडतो, तोही पात्यापेक्षा बुडख्याचा जाड भाग. बांगड्याच्या कालवणात आपण जे तिरफळ टाकतो, त्याच झाडाचे फळ उत्तर थायलंडात 'माखवेन' नावाने मांसाच्या मसाल्यात वापरतात. आणि ज्या तुळशीला आपल्या शेजारीपाजारी वृंदावन बांधतात, ती तुळस तिथे मिरची-लसणाबरोबर खिम्यात परततात. कुठल्या झाडाला कुठे मान मिळेल, याचा नेम नाही.

आता मिरची घ्या. मालवणी मसाला मिरचीवाचून सुचणार नाही आणि थाई जेवणही नाही. पण मिरची या दोन्ही देशांची नव्हे. ती दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, मलाक्का बंदर घेतले. त्याच वर्षी त्यांचा दूत सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, अयुथ्या या राजधानीत पोहोचला. त्या शतकात त्यांच्या गलबतांबरोबर मिरची दोन्ही किनाऱ्यांवर उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी, आले, पिंपळी आणि तिरफळ एवढेच होते. काजू त्याच वाटेने आला, पपई आली, पेरू आणि अननस आले, बटाटा-टोमॅटो मागाहून आले. वेंगुर्ल्याचा काजू म्हणून आपण ज्याचा अभिमान धरतो, त्याचे आजोळ ब्राझीलचे आहे. थायलंडची जी कच्च्या पपईची चटकदार कोशिंबीर जगभर गाजते, ती 'सोम तम', तिच्यातली पपई आणि मिरची दोन्ही परदेशी. अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या सोनेरी तारा काढून केलेला तिथला 'फोइ थोंग' हा गोड पदार्थही पोर्तुगीजांकडूनच आला. आपल्याकडे पाव आला, तो आजही सकाळी सायकलवरून येतो.

मसाल्याच्या डब्यात आणखी डोकावले तर जगाचा नकाशाच सापडतो. लवंग आणि जायफळ मूळचे इंडोनेशियातल्या बेटांवरचे. सतराव्या शतकात त्या बेटांचा व्यापार डचांच्या मुठीत होता आणि त्यांचीच वखार वेंगुर्ल्यात होती, तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. बदामफूल किंवा चक्रीफूल दक्षिण चीनच्या बाजूचे. बेडगी मिरची घाट उतरून कर्नाटकातून येते, संकेश्वरी बेळगावकडून, गूळ कोल्हापुरातून. आपल्याकडून वर जायचे ते मीठ, सुकी मासळी, नारळ आणि सोले. शिरोड्याच्या मिठागरांचे मीठ आणि आंबोली-फोंड्याचा घाट यांच्यावाचून मालवणी मसाला झालाच नसता.

सगळ्यात गंमत वाटते ती शिरवळ्यांची. तांदळाच्या पिठाची उकड सोऱ्यातून दाबून काढलेल्या शेवया आणि त्यावर गूळ-वेलचीचा नारळरस. थायलंडात याच जातीच्या तांदळाच्या शेवया 'खानोम चीन' नावाने मिळतात, पीठ मात्र बहुधा आंबवलेले असते आणि वर माशाची तिखट आमटी ओततात. आणि आपली पेज? तिथे तिला 'खाओ तोम' म्हणतात. सकाळी न्याहारीला, आजाऱ्याला, म्हाताऱ्याला तीच देतात. बँकॉकच्या मोठ्या हॉटेलातही सकाळच्या टेबलावर ती असते आणि बाजूला खारवलेले अंडे, सुकी मासळी, लोणचे मांडलेले असते. पेज आणि सुका बांगडा यापेक्षा ते काय वेगळे आहे?

सोडायचे काय होते, सुटले काय

इथे आम्ही थोडे थांबतो, कारण आजच्या लेखाचा गाभा इथेच आहे.

हॉटेलात 'मालवणी थाळी' म्हणून जे मिळते, ते कुणाच्याही घरचे रोजचे जेवण नव्हते. सुरमईचा जाड तळलेला तुकडा, कोंबडी-वडे, सोलकढी, पांढरा भात. हे सणाचे किंवा पाहुण्यांचे ताट. गिरणगावातल्या खानावळींतून चाकरमान्यांनी ते मुंबईत नेले, पुढे पर्यटक तारकर्लीला येऊ लागले तेव्हा तेच परत आले आणि 'मालवणी जेवण' म्हणजे एवढेच असा समज झाला. थायलंडचेही तसेच. तिथल्या सरकारने २००२ च्या सुमारास जगभर थाई हॉटेले वाढावीत म्हणून मोहीमच काढली. त्यामुळे परदेशात लोकांना गोडसर नारळाची हिरवी-लाल करी माहीत झाली. पण ईशान्येकडच्या इसान भागातला शेतकरी रोज खातो तो चिकट भात, भाजीपाला, मिरचीची चटणी आणि थोडी आंबवलेली मासळी.

आमच्या आज्या-पणज्या रोज काय खात? सकाळी उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला भाजलेली सुकी मासळी किंवा कैरी-मिठाचा तुकडा. दुपारी नाचणीची भाकरी किंवा थोडा भात, कुळथाची पिठी, असेल तर पेडव्याचे तिखले. पावसात टाकळा, फोडशी, अळू, शेगलाचा पाला. खाडीकाठच्या बायका ओहोटीला मुळे, तिसऱ्या, कालवे काढून आणत. उन्हाळ्यात फणसाची कुवरी, पावसात साठवलेल्या आठळ्या, कणगी, करांदे.

हे कौतुकाने सांगतो आहोत असे कुणी समजू नये. त्या ताटात पुष्कळदा पुरेसे नसे. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात, ज्यात तेव्हा मालवण-देवगड येत, खोती होती. भातशेतीच्या पिकातला मोठा वाटा, पुष्कळ ठिकाणी निम्मा, खोताच्या कोठारात जाई. कुळाला उरे ती डोंगरउतारावरची वरकस जमीन, तिथे नाचणी, वरी, कुळीथ पिके. भात पिकवणाऱ्याने नाचणी खायची आणि भात खोताने, अशी ती व्यवस्था. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते याच लुटीविरुद्ध. म्हणून पांढरा भात म्हणजे सुबत्ता आणि नाचणी म्हणजे दारिद्र्य, असे जे आपल्या मनात बसले ते उगाच नाही. त्याला कारण आहे.

त्याआधी, मार्च १९२७ मध्ये, महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, दारोदार मागून आणलेले उष्टे-शिळे खाऊ नका, असे बजावले होते. आपल्या माणसांनी ते ऐकले. काही घरांनी त्यासाठी उपास काढले, पण मागून खाल्ले नाही. आमच्या मते आपल्या समाजातली आहाराची पहिली मोठी सुधारणा ती होय. आरोग्याच्या दृष्टीनेही ती योग्यच होती, कारण रोगाने मेलेले जनावर आणि दोन दिवसांचे उष्टे अन्न यांतून काय काय पोटात जात असेल, हे सांगायला नको.

पण पुढे एक गोंधळ झाला. सोडायचे होते ते लाचारीचे अन्न. त्याच्याबरोबर घामाचे अन्नही आपण टाकत गेलो. नाचणी, कुळीथ, पेज, पेडवे यांत लाज वाटण्यासारखे काहीच नव्हते. ते कुणी भीक म्हणून दिलेले नव्हते, आपल्याच हातांनी पिकवलेले, वेचलेले होते. आज पोराच्या डब्यात नाचणीची भाकरी दिली तर ते लपवून खाते आणि पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा मित्रांसमोर फोडते. सकाळी पेजेऐवजी चहा-खारी, संध्याकाळी वडापाव नाहीतर गाडीवरची 'चायनीज भेळ'. मैदा, साखर, पामतेल. दिसायला हे पुढारलेपण, पण शरीराच्या हिशेबात घसरण.

उकडा तांदूळ, नाचणी, कुळीथ आणि लहान मासा

उकडा तांदूळ म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागते. भात सालासकट भिजवून उकडतात, वाळवतात आणि मग कांडतात. उकडताना सालाखालच्या कोंड्यातली ब गटातली जीवनसत्त्वे दाण्याच्या आत शिरतात, त्यामुळे नंतर कोंडा निघाला तरी ती बरीचशी टिकतात. पांढऱ्या चकचकीत तांदळात ती कोंड्याबरोबर गेलेली असतात. याचे मोल जगाला कळले ते जावा बेटावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे बेरीबेरी नावाचा रोग फोफावला होता. हातापायांची शक्ती जाई, अंगाला सूज येई, हृदय बंद पडे. क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरच्या लक्षात आले की इस्पितळातला सडलेला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्या तशाच लुळ्या पडतात आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की पुन्हा उभ्या राहतात. पुढे १९२९ साली त्यांना या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या गोष्टीला नोबेल मिळाले, ती आपल्या आजीच्या मडक्यात रोज रटरटत होती.

नाचणीचे सांगायचे तर १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात जेमतेम १० मिलिग्रॅम. गुडघे धरलेल्या आया-मावश्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मुलींनी, वाढत्या वयाच्या पोरांनी ती का खावी, हे यातच आले. शिवाय तिच्यात चोथा भरपूर, त्यामुळे पोट साफ राहते आणि साखर रक्तात भरभर चढत नाही. मात्र एक लक्षात ठेवा. नाचणीचे सत्त्व गाळून, साखर-दूध घालून खीर केली की चोथा निघून जातो आणि मधुमेहाच्या माणसाला तो फायदा राहत नाही. त्यांनी भाकरी किंवा ताकातली आंबील घ्यावी.

कुळथात १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, लोहही चांगले. भाजून, भरडून, साल पाखडून दळलेले पीठ डब्यात असले की दहा मिनिटांत पिठी होते. तीन-चार चमचे पीठ पाण्यात कालवायचे, लसूण-मिरचीची फोडणी, दोन सोले, आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचे, नाहीतर गुठळ्या होतात. भात, पिठी आणि भाजलेला सुका मासा हे ताट स्वस्त आहे आणि पुरते आहे. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळीही त्याच तोलाची. डाळ महागली म्हणून रड करणाऱ्यांनी या दोघांकडे वळून पाहावे.

मासळीत भाव आणि पोषण यांचा संबंध उलटा म्हणावा इतका सैल आहे. सुरमई-पापलेटला हात लावायची सोय राहिली नाही, पण बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट मासे हृदयाला उपकारक अशा ओमेगा-३ स्निग्धांशाने भरलेले आहेत. बांगड्यात १०० ग्रॅमला वीसएक ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे महागड्या माशापेक्षा तो काही कमी नाही. पेडवे, मोदके, खवले यांसारखे लहान मासे मऊ शिजवून काट्यासकट चावून खाता येतात, तेव्हा कॅल्शियम फुकट मिळते. लहान मुलांना मात्र काटा काढूनच द्यावा. तिसऱ्या आणि मुळ्यांत लोह मोठ्या प्रमाणात असते. सांडपाणी येते त्या खाडीतले घेऊ नयेत आणि उकळल्यावर जी शिंप उघडत नाही, ती टाकून द्यावी.

आपल्या ताटाचे दोष

कुठलेच जेवण सगळेच्या सगळे पथ्याचे नसते. थायलंडच्या इसान भागात नदी-तळ्यातले मासे कच्चेच चिरून मसाला लावून खाण्याची चाल आहे. त्या माशांतून यकृतात एक चपटा कृमी जातो आणि वर्षानुवर्षे राहिला तर पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो. तिथले सरकार मासे शिजवून खा म्हणून सतत सांगत असते. चाल जुनी आहे म्हणून ती चांगली, असे म्हणता येत नाही. आपल्याकडे मासा कच्चा खात नाहीत हे बरे.

आपला मोठा दोष मीठ. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळासाठी सुका बांगडा, सुकट, जवळा, खारे साठवायचे ही शहाणपणाची रीत. पण मुठीने मीठ लावल्याशिवाय ते टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला माणसी पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, जास्त मीठ नको. खारवलेल्या माशाचा एक तुकडा, वर लोणचे, पापड आणि आगळाची सोलकढी, की ते तिथेच संपले. कोकमाचा आगळ मीठ घालूनच टिकवतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. रक्तदाब असलेल्यांनी कढी सुकलेल्या सोलांची करावी, मीठ वरून चिमूटभर घालावे. सोलेही खारट असली तर आधी धुऊन घ्यावीत. खारा मासा अर्धा तास पाण्यात भिजवून, पाणी दोनदा बदलून मग शिजवावा आणि त्या कालवणात वेगळे मीठ घालूच नये. थाई लोकांची अडचणही हीच आहे. त्यांच्या 'नाम प्ला' या माशाच्या खाऱ्या पाण्याच्या एका मोठ्या चमच्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास मीठ असते आणि ते जवळजवळ प्रत्येक पदार्थात पडते.

मिठाचीच आणखी एक गोष्ट. मासे खारवायला खडे मीठ वापरा, पण रोजच्या स्वयंपाकाला आयोडिनयुक्त मीठच घ्या. गलगंड आणि गरोदरपणातली आयोडिनची कमतरता यांपासून तेच वाचवते.

नारळाबद्दल आम्हाला दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती ऐकू येते. कुणी तो विष म्हणतो, कुणी अमृत. खोबरेल तेलात संपृक्त चरबीचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, हे खरे. वाटपापुरती चार माणसांत अर्धी कवड, एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही, शिवाय किसात चोथाही असतो. पण दाट रसाची सोलकढी ग्लासामागून ग्लास, त्यात तळलेला मासा आणि वडे, हे आठवड्यातून दोनदा होऊ लागले तर हृदयरोग्याने हात आखडता घ्यावा. माशाचे तिखले किंवा कालवण तळणीपेक्षा केव्हाही बरे. एकदा तळलेले तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवणे सर्वांत वाईट.

कोण आधी जेवते

थाई घरात चटई अंथरून किंवा टेबलावर सगळे पदार्थ मधोमध ठेवतात. प्रत्येकाच्या पुढ्यात फक्त भात. मधल्या वाडग्यांतून एका वेळी चमचाभर घ्यायचे, ते संपले की दुसऱ्यातले. एकदम ताट भरून घेणे अडाणीपणाचे समजतात. उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा चुलालोंगकोर्नच्या काळात रुळली. चॉपस्टिक म्हणजे त्या दोन काड्या फक्त चिनी वळणाच्या शेवयांना, आणि चिकट भात हातानेच. एकटे जेवणे त्यांना आवडत नाही, कारण माणसे जास्त तर पदार्थ जास्त.

आता आपल्या घरात पाहू. रापणीच्या वाट्याचा किंवा बाजारातला पाच-सहा बांगड्यांचा वाटा आला. मधले तुकडे घरधन्याला आणि मुलग्यांना. मुलीला शेपटी. आई शेवटी बसते, तिच्या वाट्याला डोके आणि टोपाच्या बुडाचे कालवण, त्यात भात कालवून ती उठते. कुणी तिला सक्ती केलेली नसते, पण कुणी विचारलेलेही नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. हे दर दुसऱ्या बाईचे दुखणे आहे. लोहाच्या गोळ्या आशाताई आणून देतात, त्या जरूर घ्याव्यात, पण बांगड्याचा मधला तुकडा आशाताई आणून देऊ शकत नाहीत. टोप मध्ये ठेवून सगळ्यांनी एकदम बसणे, एवढ्याने पुष्कळ काही बदलते. आणखी एक, जेवणावर लगेच चहा नको. चहामुळे जेवणातले लोह अंगी लागत नाही. जेवताना लिंबाची फोड, कैरी किंवा आवळा असला तर ते जास्त लागते.

किती खावे, याबद्दल संयुत्त निकायात राजा पसेनदीची गोष्ट आहे. हा कोसलचा राजा द्रोणभर भात खाई आणि धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश चार ओळींत केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला त्या ओळी पाठ करायला लावल्या आणि रोज जेवताना म्हणायला सांगितल्या. हळूहळू त्याचा भात नाळीभर मापावर आला, अंग हलके झाले. यात आम्हाला आवडते ते हे, की तथागतांनी त्याला उपाशी ठेवले नाही आणि राजाने स्वतःवर भरवसाही ठेवला नाही, आठवण करून देणारा माणूस नेमला. घरात साखरेचा रुग्ण असेल तर त्याचा सुदस्सन कोण, हे ठरवून टाकावे. नातवंडे हे काम फार चोख करतात.

दानाचीही एक बाजू आहे. थायलंडमध्ये भिक्खू सकाळी भिक्षेला निघतात आणि दुपारनंतर घन आहार घेत नाहीत. उपासक श्रद्धेने चांगलेचुंगले, तळलेले, गोड दान करतात, दुपारनंतर गोड पेये देतात. भिक्खूला नको म्हणता येत नाही. परिणाम असा की तिथल्या भिक्खूंमध्ये स्थूलपणा आणि मधुमेह ही मोठी काळजी झाली आणि २०१७ साली त्यांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय सनद करावी लागली. आपल्याकडे वर्षावासात भन्तेंना भोजनदान होते, बुद्धपौर्णिमेला खीरदान होते, जयंतीला पंगती उठतात. त्यांत पुरी, डालड्यातला शिरा, जिलेबी, सरबत. वर्षातून एकदा गोड खाल्ल्याने कुणाचे बिघडत नाही. पण जयंती, वर्धापनदिन, नामकरण, पुण्यानुमोदन धरले तर महिन्यातून तीन-चार पंगती होतात. तिथे शिऱ्याच्या जोडीला काळ्या वाटाण्याचे सांबारे, टाकळ्याची भाजी आणि कोशिंबीर ठेवता येईल. साखरेच्या सरबताऐवजी ताक. महिला मंडळाने मनावर घेतले तर खर्चही कमीच होईल.

पेजेविषयी घराघरांतून विचारणा होते, म्हणून तेवढे सविस्तर लिहितो. एक वाटी उकड्या तांदळाला आठ ते दहा वाट्या पाणी, मंद आचेवर दाणा फुटेपर्यंत. तापातून उठलेल्याला, जुलाब झालेल्या मुलाला, दात गेलेल्या आजोबांना ती चांगली. जुलाबात पेज द्यावी, पण क्षारसंजीवनी बंद करू नये. मधुमेह असलेल्यांनी नुसते गाळलेले पाणी पिऊ नये, दाण्यासकट एक वाडगा घ्यावी आणि सोबत पिठी, अंडे किंवा मासा हवाच, कारण उकडा झाला तरी भात तो भातच. पेज घेतली म्हणून दुपारचा भात तेवढाच ठेवू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणात असा कुठलाही बदल करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारावे, नाहीतर साखर एकदम खाली जाते. रात्रीचा उरलेला भात सकाळी पेजेत घालायचा असेल तर तो रात्रभर उघडा टोपात ठेवू नका. आपल्या दमट हवेत त्यात जंतू वाढतात आणि पुन्हा उकळल्यानेही त्यांचे विष सगळे जात नाही. भात लवकर निववून झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर रात्री तेवढाच शिजवावा आणि सकाळची पेज सकाळीच टाकावी.